बिमलकृष्ण मतिलाल : 'घडा नाही' हे डोळ्यांना दिसतं का?

ओसरी (धागाकर्ती) :

बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह, म्हणजे न्याय या तर्कप्रधान भारतीय दर्शनाची प्राथमिक पोथी, आम्ही घोकून पाठ केला होता. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून इथे आग आहे. अनुमानाचे हे पाच अवयव, पाच हेत्वाभास (फसवी कारणं), दहा मार्क. हे तुम्हाला पटतं का, असं वर्गात कुणी विचारलं नाही. आम्हालाही ते विचारण्यासारखं आहे असं कधी वाटलं नाही. पेपर झाला आणि वही रद्दीत गेली.

पुढे बऱ्याच वर्षांनी भारतीय तर्कशास्त्राचे अभ्यासक बिमलकृष्ण मतिलाल यांचं 'पर्सेप्शन' हे पुस्तक हाती आलं. सुरुवातीची पन्नासेक पानं मी तीनदा वाचली. त्यात न्यायाचे वात्स्यायन, उद्योतकर, उदयन आणि त्यांचे बौद्ध प्रतिस्पर्धी दिङ्नाग, धर्मकीर्ती ही सगळी मंडळी एका खोलीत बसून हमरीतुमरीवर आल्यासारखी वाटतात. लेखकही त्यांच्यातलाच एक होऊन बसलेला. तो एखाद्याला मध्येच थांबवतो, 'इथे तुमचं चुकतंय' म्हणतो आणि का चुकतंय ते सांगतो. रद्दीत गेलेली ती वही तेव्हा फार आठवली.

थोडं त्यांच्याविषयी. जन्म १ जून १९३५, बंगालमधल्या जयनगरचा. कोलकाता विद्यापीठात संस्कृत शिकले आणि १९५७ पासून तिथल्याच सरकारी संस्कृत कॉलेजात शिकवू लागले. त्या कॉलेजात तेव्हा परंपरेत तयार झालेले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे, पंडित होते. स्वतः अध्यापक असूनही मतिलाल त्यांच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसले, न्यायाचे ग्रंथ पंक्ती लावून शिकले आणि १९६२ मध्ये 'तर्कतीर्थ' ही पदवी मिळवली. तिथून थेट हार्वर्ड. तिथे डॅनियल इंगल्स होते. नव्यन्यायाची, म्हणजे न्यायाच्या नंतरच्या शाखेची, ओळख इंग्रजी वाचकाला नीट करून देणारा ग्रंथ त्यांनी १९५१ मध्येच लिहिला होता. तत्त्वज्ञान विभागात अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइन तर्कशास्त्र शिकवत होते. मतिलाल दोघांकडे शिकले. १९६५ मध्ये डॉक्टरेट, त्यानंतर टोरांटो विद्यापीठ, आणि १९७६ मध्ये ऑक्सफर्डचं स्पाल्डिंग अध्यासन. १९३६ मध्ये त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसले ते राधाकृष्णन, त्यांच्यानंतर झेनर, आणि मग मतिलाल. १९९० मध्ये पद्मभूषण मिळालं. ८ जून १९९१ रोजी कॅन्सरने गेले. छप्पन्नावा वाढदिवस होऊन आठवडाच झाला होता.

राधाकृष्णन आणि मतिलाल एकाच खुर्चीवर बसले, याचं मला फार अप्रूप आहे. राधाकृष्णन यांनी पश्चिमेला जे भारतीय तत्त्वज्ञान सांगितलं त्याचा भर उपनिषदं आणि वेदान्त यांवर होता. ऐकणाऱ्यांनी त्यातून आपल्या सोयीचं घेतलं : भारतात अनुभूती आहे, युक्तिवाद ग्रीसमध्ये. मतिलालांचं सगळं आयुष्य हा समज मोडण्यात गेलं. नुसतं 'आमच्याकडेही तर्क होता' म्हणून ते भागणारं नव्हतं. तो तर्क आजच्या वाचकापुढे मांडायचा, तपासायचा आणि गरज पडली तर खोडायचा, ही त्यांची पद्धत. 'जर्नल ऑफ इंडियन फिलॉसफी' हे नियतकालिक त्यांनी सुरू केलं, त्याचा पहिला अंक १९७० चा. त्याचा रोखही हाच होता.

आता शीर्षकातल्या घड्याविषयी. १९६८ मध्ये आलेलं त्यांचं पहिलं पुस्तक 'नाही' या एका शब्दावर आहे : 'द नव्य-न्याय डॉक्ट्रिन ऑफ निगेशन'. नव्यन्यायाचे आचार्य गंगेश आणि रघुनाथ शिरोमणी यांच्या 'नाही'वरच्या लेखनाची, अनुक्रमे अभाववाद आणि नञ्वाद यांची, भाषांतरं त्यात आहेत. 'भूतले घटो नास्ति', जमिनीवर घडा नाही. यात तुम्ही काय पाहिलंत? जमीन पाहिली हे उघड आहे. पण 'घडा नाही' हे पाहिलंत की मनाने जोडलंत? नैयायिक म्हणतो, पाहिलं. घड्याचा अभाव ही खरीखुरी गोष्ट आहे, ती त्या जमिनीवर आहे आणि डोळ्यांना कळते. मीमांसा दर्शनातला भाट्ट पंथाचा माणूस म्हणतो, छे, अभाव कळायला अनुपलब्धी (न आढळणं) हे वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, लागतं. त्याच दर्शनातल्या दुसऱ्या पंथाचा प्राभाकर म्हणतो, अभाव वगैरे काही नसतं, मोकळी जमीन असते इतकंच. आणि धर्मकीर्ती म्हणतो की हे अनुमान आहे.

परवा सकाळी मी फ्रिज उघडला, म्हटलं, 'दूध नाहीये.' मुलगी म्हणाली, 'आई, नीट बघ, आतला दिवा गेलाय.' आणि मी तिथेच उभी राहिले. दिवा असता आणि दूध असतं, तर ते दिसलं असतं. ही अट पूर्ण असेल तरच 'दिसत नाही' यावरून 'नाही' म्हणता येतं. नैयायिक याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधारात दूध 'दिसत नाही' एवढंच मला म्हणता येत होतं, 'नाही' म्हणायचा हक्क मला नव्हता. सातशे वर्षांपूर्वी मिथिलेत आणि पुढे नवद्वीपात माणसं या फरकावर पानंच्या पानं लिहीत होती, हे तेव्हा पहिल्यांदा अंगात भिनलं.

मतिलाल वाचलेलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा. न वाचलेल्यांनीही भांडावं.

सह्यकडा :

ओसरीताई, मनापासून लिहिलंय, आवडलं. पण एक गोष्ट खटकते ती सांगतो.

न्यायसूत्र या मूळ ग्रंथाचं पहिलंच सूत्र सोळा पदार्थ (विचाराचे विषय) मोजून सांगतं की यांचं खरं स्वरूप कळल्याने निःश्रेयस मिळतं. म्हणजे सूत्रकार गौतमाला शेवटी मोक्षच हवा आहे. मतिलाल तो भाग बाजूला ठेवतात आणि नैयायिकांना इंग्रजी विश्लेषक तत्त्वज्ञांच्या पंगतीला बसवतात. क्वाइनच्या विद्यार्थ्याला नव्यन्यायात क्वाइन दिसणारच. आपला माणूस मोठा ठरायला तो त्यांच्यासारखा दिसावाच लागतो का? हा प्रश्न मला मतिलालांच्या प्रत्येक पुस्तकात पडतो.

ओसरी :

सह्यकडा, प्रश्न रास्त आहे. पण त्याच सूत्रावरचं वात्स्यायनाचं भाष्य काढून बघा. संशय, प्रयोजन, दृष्टान्त, वाद हे सगळे पदार्थ वेगळे का मोजले, याचं उत्तर तो देतो : 'तेषां पृथग्वचनमन्तरेण अध्यात्मविद्यामात्रमियं स्यात्, यथोपनिषदः'. हे वेगळे सांगितले नसते तर ही विद्या उपनिषदांसारखी नुसती अध्यात्मविद्या झाली असती. म्हणजे न्यायाचं वेगळेपण कशात आहे हे ठरवायला मतिलालांना ऑक्सफर्डपर्यंत जावं लागलं नाही. सूत्रांवरचं आपल्याला मिळणारं सगळ्यात जुनं भाष्यच ते सांगतं.

दुसरं म्हणजे, गूढवादाला त्यांनी झटकून टाकलेलं नाही. ऑक्सफर्डमधलं त्यांचं पहिलं व्याख्यानच 'द लॉजिकल इल्युमिनेशन ऑफ इंडियन मिस्टिसिझम' या नावाचं आहे. ज्यांना गूढवादी म्हणून आपण बाजूला काढतो त्यांच्याही म्हणण्यात युक्तिवाद असतो, तो वाचा, असा त्यांचा आग्रह होता.

तुमच्या म्हणण्यातलं एक मात्र मला मान्य आहे. त्यांनी निवड केली आहे. आत्मा, ईश्वर, अपवर्ग (मोक्ष) यांवरची पानं प्रमाणांवरच्या पानांपेक्षा खूप कमी आहेत. उदयनाला ईश्वरसिद्धीची जी तळमळ होती ती 'पर्सेप्शन' वाचून कळत नाही.

पाटीपेन्सिल :

तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, त्यामुळे एका शब्दापाशी थांबतो. तो शब्द म्हणजे 'ज्ञान'.

मराठीत ज्ञान म्हटलं की ते खरंच असणार असं आपण धरून चालतो. 'मला ज्ञान झालं पण ते खोटं होतं' हे वाक्य मराठीत चालत नाही. न्यायात चालतं. संध्याकाळी बांधावर काहीतरी उभं दिसतं, खुंट की माणूस? हा संशयही ज्ञानच. शिंपल्याला चांदी समजलो, तेही ज्ञानच. तर्कसंग्रहात अयथार्थ अनुभवाचे तीन प्रकार सरळ दिले आहेत : संशय, विपर्यय आणि तर्क. यथार्थ असेल तर ती प्रमा. इंग्रजीत बरेच दिवस ज्ञान या शब्दाला सरसकट 'नॉलेज' लिहीत, आणि मग वाचणाऱ्याला वाटे की या लोकांना खरं-खोटं यातला फरकच कळत नव्हता. मतिलालांनी तिथे 'कॉग्निशन', 'अवेअरनेस' असे शब्द योजले आणि प्रमेसाठीच 'नॉलेज' राखून ठेवला. नुसता शब्द बदलला, आणि अर्धे गैरसमज गळून पडले. मराठीत लिहिणाऱ्यांनी ही खबरदारी अजून घेतलेली नाही. आपल्याला वाटतं शब्द आपलाच आहे, म्हणून जपायची गरज भासत नाही.

आणि हो, ज्यांना हे शब्द मुळातून बघायचे आहेत त्यांच्यासाठी आपल्या इथलं एक मोठं काम आहे : भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश'. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी तो सुधारून वाढवला आणि १९२८ मध्ये भांडारकर संस्थेने छापला. तर्कसंग्रहाची आठल्ये-बोडस प्रतही मुंबईचीच, १८९७ ची. माझी प्रत शिवण सुटून तीन तुकड्यांत आहे, पण 'अवच्छेदक' अडला की अजूनही तीच काढतो.

उंबरठा :

मी तत्त्वज्ञानाची नाही, पण ते फ्रिजचं वाचून एक सुचलं. आमच्या घरी दोघी मुली. काल बिल्डिंगमधल्या काकूंनी खालून विचारलं, 'दोघी आहेत का गं घरी?' मी म्हटलं, 'नाही.' धाकटी माझ्या शेजारीच बसली होती. मी खोटं बोलले का?

ओसरी :

उंबरठा, हे उदाहरण नव्यन्यायाच्या अगदी आतलं आहे! खोटं बोलला नाहीत.

एक घडा समोर असतानाही 'दोन घडे नाहीत' हे खरं असतं. प्रश्न असा की अभाव नक्की कशाचा आहे. ज्याचा अभाव तो प्रतियोगी. पण प्रतियोगी सांगून काम संपत नाही, तो कुठल्या रूपाने नाही तेही सांगावं लागतं. तुमची धाकटी 'मुलगी' म्हणून घरात आहे. 'दोघी' या रूपाने त्या घरात नाहीत. हे 'कुठल्या रूपाने' बांधून ठेवणारं जे आहे त्याला अवच्छेदक म्हणतात. पाटीपेन्सिल सरांना अडतो तो हाच शब्द. काकूंच्या प्रश्नाचा अवच्छेदक दोनपणा होता, म्हणून तुमचं 'नाही' खरं.

मतिलालांचं पहिलं पुस्तक जवळजवळ सगळं हे बांधणं समजून घेण्यात गेलंय. आधुनिक तर्कशास्त्रात हे काम चिन्हांनी करतात. रघुनाथ शिरोमणीने ते संस्कृतातल्या 'त्व' आणि 'ता' या प्रत्ययांवर भागवलं. लांबलचक समासांना लोक हसतात, पण त्यातला एक 'त्व' काढला तर धाकटी घरातून गायब होते.

करवंद :

तर्क मला झेपत नाही. मतिलालांपर्यंत मी महाभारताच्या वाटेने आले. 'मॉरल डायलेमाज इन द महाभारत' हा लेखसंग्रह त्यांनी संपादित केला, सिमल्याच्या उच्च अध्ययन संस्थेतर्फे तो १९८९ मध्ये निघाला. त्यांचे स्वतःचे या विषयावरचे लेख त्यांच्या मागे 'एथिक्स अँड एपिक्स' मध्ये एकत्र आले.

कर्णपर्वातला प्रसंग आठवतो ना? कर्णाचे बाण लागून युधिष्ठिर छावणीत परतलाय. अर्जुन भेटायला येतो. युधिष्ठिराला वाटतं, कर्णाला मारूनच आला. मारलेलं नाही कळल्यावर तो वाटेल ते बोलतो आणि शेवटी म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. असं जो म्हणेल त्याचा शिरच्छेद करीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. तो खरोखर तलवार उपसतो. कृष्ण त्याला अडवतो आणि कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक कधीच खोटं न बोलणारा. दरोडेखोर विचारतात, माणसं कुठे पळाली? हा खरं सांगतो, माणसं मारली जातात, आणि कौशिक नरकात जातो.

मतिलाल इथे जर्मन तत्त्वज्ञ कांटला शेजारी आणून बसवतात. दारात मारेकरी उभा असला तरी खोटं बोलू नये, असं कांटचं म्हणणं होतं, आणि दोन कर्तव्यांत खरा संघर्ष असूच शकत नाही असंही. महाभारताला तो संघर्ष खरा वाटतो. वचन आणि भावाचा जीव, दोन्ही धर्मच. एक पाळला की दुसरा मोडतो आणि मोडल्याचं दुःख उरतं. मतिलालांच्या लेखनात हे उरलेलं दुःख कुठेही पुसलेलं नाही, आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं.

पुढची सुटका तर मराठी माणसाला लगेच कळेल. कृष्ण म्हणतो, वडीलधाऱ्याला 'तू' म्हटलंस की तो मेल्यासारखाच. मग अर्जुन युधिष्ठिराला अरे-तुरे करून घालूनपाडून बोलतो. मोठ्या भावाला 'तू' म्हणताना अर्जुनाला काय वाटलं असेल, ते आमच्या आजोळी वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

सह्यकडा :

करवंद, हा प्रतिसाद वाचून मी माझं मत थोडं बदलतो. कर्णपर्वावर लिहिताना मतिलाल कांटच्या पंगतीला बसत नाहीत, कांटलाच कृष्णापुढे बसवतात. मग 'पर्सेप्शन' पुन्हा त्या नजरेने वाचायला हवं.

एक पुरवणी. 'नीति, युक्ति ओ धर्म' हे राम आणि कृष्ण यांच्यावरचं त्यांचं बंगाली पुस्तक १९८८ चं आहे. ऑक्सफर्डला असतानाही त्यांनी बंगालीत लिहिणं सोडलं नव्हतं. बंगाली वाचणारं कुणी इथे असेल तर त्यावर वेगळा धागा काढा.

कृष्णाकाठ :

चर्चा चांगली चाललीय, एक नाव राहिलंय म्हणून लिहितो : प्रा. मे. पुं. रेगे.

मतिलालांनी पंडितांचं म्हणणं इंग्रजीत नेलं. रेगे आणि तत्त्वज्ञ दयाकृष्ण यांनी उलटी वाट धरली. १९८३ मध्ये पुण्यात त्यांनी इंग्रजीत तत्त्वज्ञान करणारे प्राध्यापक आणि संस्कृतात करणारे पंडित यांना समोरासमोर बसवलं. विषय होता विधान म्हणजे काय, याविषयीचा ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलचा सिद्धान्त. रसेलचं म्हणणं संस्कृतात मांडायचं, आणि नैयायिकाने त्यावर आपला आक्षेप संस्कृतातच घ्यायचा. त्यातून निघालेला ग्रंथ 'संवाद' या नावाने १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे मतिलाल गेले त्याच वर्षी.

मला या दोन्ही वाटा लागतात. पहिलीमुळे जगाला कळलं. पण पहिल्या वाटेवर पंडित स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने कुणीतरी बोलतो. पुण्यात पंडित स्वतः बोलला आणि रसेलला गोत्यात आणू शकला. रेगे मराठीत नीतिशास्त्रावर लिहिणारे, वाईच्या 'नवभारत' मासिकाचे संपादक होते. पंडिताला त्याच्या भाषेत प्रश्न विचारायचा, हे मराठीत वैचारिक लेखन करणाऱ्या माणसाला सुचलं यात मला नवल वाटत नाही.

निळावंती :

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. मतिलाल कुठून सुरू करू? ग्रंथालयात 'पर्सेप्शन' आणि 'द वर्ड अँड द वर्ल्ड' आहेत. 'पर्सेप्शन' उघडलं आणि घाबरून मिटलं.

ओसरी :

निळावंती, 'पर्सेप्शन' (१९८६) आत्ता मिटलेलंच ठेव. 'द कॅरेक्टर ऑफ लॉजिक इन इंडिया' मिळव. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९९८ मध्ये, जोनार्डन गानेरी आणि हीरामन तिवारी यांनी संपादून काढलं. वादविवादाच्या जुन्या शास्त्रापासून ते सुरू होतं. खरं शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची खोडायची ती वितंडा. आपण 'वितंडवाद' म्हणून शिवी देतो, पण नागार्जुनासारखा शून्यवादी बौद्ध स्वतःचं काहीच न मांडता फक्त खंडन करतो, तेव्हा ते प्रामाणिक असू शकतं का, हा प्रश्न मतिलाल गांभीर्याने घेतात.

मग 'द वर्ड अँड द वर्ल्ड' (१९९०). ते छोटं आहे, शब्द आणि अर्थ यांवरचं, व्याकरणकार भर्तृहरीचा स्फोट (ज्यातून अर्थ उलगडतो तो अखंड शब्द) त्यात सापडेल. जैनांच्या अनेकान्तवादावरची त्यांची अहमदाबादची व्याख्यानं १९८१ मध्ये पुस्तकरूपाने आली, तीही सोपी आहेत. 'पर्सेप्शन'ला सहा महिन्यांनी हात लाव आणि शेजारी तर्कसंग्रह दीपिकेसकट, म्हणजे अन्नंभट्टाच्याच टीकेसकट, ठेव. घोकू नकोस. प्रत्येक ओळीला 'हे मला पटतं का?' विचार.

निळावंती :

ताई, तर्कसंग्रह काढलाच रात्री. 'जमिनीवर घडा नाही' आणि 'घडा म्हणजे कापड नाही', ही दोन 'नाही' एकच आहेत का? मराठीत तर दोन्हीकडे एकच शब्द आहे.

ओसरी :

एक नाहीत. दुसऱ्यात घडा आणि कापड यांचं वेगळेपण सांगितलंय, तो अन्योन्याभाव. दोन्ही वस्तू शेजारी-शेजारी असल्या तरी तो असतो. पहिल्यात जागेशी संबंध नाकारलाय, तो संसर्गाभाव, आणि त्याचे पुन्हा तीन. घडा व्हायच्या आधीचा तो प्रागभाव. फुटल्यानंतरचा प्रध्वंसाभाव. आणि वाऱ्याला रूप कधीच नसतं, तो अत्यंताभाव.

आता यातलं एक घेऊन बस. प्रागभावाला सुरुवात नाही पण शेवट आहे, कारण घडा झाला की तो संपला. प्रध्वंसाभावाला सुरुवात आहे पण शेवट नाही, कारण फुटलेला घडा तोच होऊन परत येत नाही. आमच्या घरी आजीच्या हातची लोणच्याची बरणी होती, गेल्या मे महिन्यात फुटली. तिच्या जागी तशीच दुसरी आणून ठेवली आहे. फडताळात बरणी आहे आणि बरणी नाही, ही दोन्ही वाक्यं मी रोज खरी म्हणून बोलू शकते. का, ते अवच्छेदक लावून लिहून पाठव. रविवारी बघू.